पालक सक्षम आहेत

माझ्या मुलाला दाढी आली तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. इतर आयांना अशा वेळी कौतुक वाटतं म्हणे. मी त्याला रोज सकाळी खुर्चीत बसवायची, गळ्याला टॉवेल बांधायची, नवऱ्याच्या यंत्राने दाढी करून द्यायची, आणि दर वेळी मनात यायचं, हा आता मोठा दिसायला लागला. सौदीत आम्हाला ते परवडणारं नव्हतं. परदेशी नोकरदाराचा मुलगा एकविशीत आला की त्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, वडिलांच्या आधारावर पुढे चालू ठेवायला तो शिकत असल्याचा दाखला लागायचा. माझ्या मुलाला कुठलं कॉलेज दाखला देणार होतं? जन्मताना त्याच्या मेंदूला इजा झाली होती. शरीर ठेंगणं पण दणकट, समज तीन-चार वर्षांच्या पोराची, बोलायला मोजके शब्द, आणि वर आकडी. आकडी आली की त्याला कुशीवर वळवून धरायला दोन माणसं लागायची.

आम्ही जुबैलला राहत होतो. नवरा पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये इंजिनियर. पहाटे कंपनीची बस येऊन त्याला घेऊन जायची आणि दिवस मावळताना आणून सोडायची. ती वर्षं सौदीकरणाची. किती सौदी माणसं कामावर आहेत ते बघून सरकार प्रत्येक कंपनीला रंग द्यायचं. हिरवा म्हणजे निर्धास्त, पिवळा म्हणजे सांभाळून राहा, आणि लाल म्हणजे बाहेरच्यांचे परवाने वाढवून मिळणार नाहीत. आमच्या कॉलनीतल्या बायका एरवी साड्यांच्या रंगांवर बोलायच्या, त्या आता कंपन्यांच्या रंगांवर बोलायला लागल्या. आमची कंपनी पिवळी होती. नवऱ्याच्या हाताखाली दोन तरुण सौदी इंजिनियर दिले होते आणि हा गृहस्थ त्यांना मन लावून शिकवत होता.

"स्वतःची खुर्ची स्वतःच पुसून देताय," मी म्हणायची.

"पोरं हुशार आहेत गं," तो म्हणायचा.

ऑफिसात दर महिन्याला कुणाच्या तरी निरोपाचा केक कापला जायचा. त्यातला एक तुकडा कागदी रुमालात गुंडाळून नवरा मुलासाठी घेऊन यायचा. मुलगा टाळ्या वाजवायचा.

दोन्हीपैकी काय आधी होणार एवढंच ठरायचं होतं, मुलाचा परवाना संपणार की नवऱ्याची नोकरी. नोकरी गेली असती तर त्याला दुसऱ्या कुठल्या तरी देशात, एकट्यानेच जावं लागलं असतं. कसंही झालं तरी मुलाला ठेवायचं कुठे हा प्रश्न माझ्या पुढ्यात येणार होता. 'तू जा की त्याला घेऊन नाशिकला' असं सांगणारे पुष्कळ भेटले. मी जाऊन आले होते. आदल्या उन्हाळ्यात दोन महिने मी एकटीने त्याला नाशिकच्या फ्लॅटवर सांभाळून पाहिलं. एका दुपारी त्याला बाहेर जायचं होतं, मी दार अडवून उभी राहिले, आणि त्याने मला जिन्यावरून ढकललं. राग नव्हता त्यात. दारात आडवी आलेली वस्तू बाजूला करावी तसं केलं त्याने. माझं मनगट मोडलं.

सगळ्यांना मी सांगितलं, बाथरूममध्ये घसरले. माझ्या थोरल्या नणंदेलासुद्धा हेच सांगितलं, आणि ती तर पाच मिनिटांवर राहते. आखातातल्या मराठी घरांचा हा न लिहिलेला नियमच आहे. घरी वाईट बातमी कळवायची नाही. तिकडे त्यांची झोप उडते आणि इकडे आपला काही फायदा होत नाही. शुक्रवारी फोन लागला की 'सगळं छान' म्हणायचं, उकाड्याबद्दल थोडी तक्रार करायची, खजुराचे डबे कुणाबरोबर पाठवलेत ते सांगायचं आणि फोन ठेवायचा. या नियमात मी इतकी मुरले होते की मनगटाला प्लॅस्टर असतानाही दुसऱ्या हाताने फोन धरून सगळं छान आहे असं सांगत होते.

खासगी संस्था आम्ही धुंडाळल्या होत्या. मुलगा अठराच्या पुढचा आहे हे कळलं की त्यांचा आवाज बदलायचा, आणि आकडी म्हटलं की 'आमच्याकडे तशी सोय नाही.' उरली सरकारी अनुदानावर चालणारी प्रौढ मुलांची निवासी गृहं. तिथली जागा जिल्ह्याच्या समाजकल्याण कचेरीने मंजूर करायची असते. नणंदेने आमच्या वतीने अर्ज केला. ती निवृत्त शिक्षिका, आवाज अजून वर्गातला. तिचीही तिथे डाळ शिजेना. आज साहेब दौऱ्यावर, उद्या फाइल वर गेली, परवा ती खाली आली पण सहीशिवाय. असं करत वर्ष उलटलं. तोवर कंपनीच्या परवान्यांची कामं बघणाऱ्या सौदी कारकुनाने मुलाचा परवाना डॉक्टरांचा अहवाल लावून एकदाचा वाढवून आणला. कागद हातात देताना तो नवऱ्याला म्हणाला, "या वेळी झालं. पुढच्या वेळी मला विचारू नका." त्या दिवसापासून माझी झोप गेली ती गेलीच.

मग कचेरीकडून निरोप आला की गृहचौकशी करायची आहे. म्हणजे अधिकारी घरी येऊन मुलगा कसा राहतो, आईबाप त्याला सांभाळू शकतात का, ते बघणार. घर तर जुबैलला. नणंदेने खटपट करून अधिकाऱ्याला तिच्या घरी चहाला बोलावलं आणि लॅपटॉपवर आमच्याशी जोडून द्यायचं ठरवलं.

आणि इथे आमच्या घराने जे केलं ते फक्त जुबैलच्या प्लांटवाल्याचं घरच करू शकतं. बाहेरची तपासणी येणार म्हटलं की प्लांटमध्ये आधी आठवडाभर रंगरंगोटी चालते. गळका व्हॉल्व्ह असेल तर बदलतात, बदलता येत नसेल तर त्याच्याभोवतीची फरशी तरी घासून ठेवतात. वीस वर्षं नवऱ्याने हेच केलं होतं आणि त्याच्याबरोबर राहून मीही तशीच झाले होते. मुलाने दातांनी कुरतडलेल्या सोफ्यावर मी नवी चादर घातली. भिंतीवर त्याने डोकं आपटून पाडलेल्या खळग्यावर कॅलेंडर लावलं. मुलाची दाढी केली, निळा शर्ट इस्त्री करून घातला, आणि नवऱ्याने सुचवल्यावरून त्याचं संध्याकाळचं औषध आधीच दिलं. औषधाने तो पेंगुळतो. आम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना बसलो, लग्नाच्या फोटोत बसतात तसे. मी म्हटलं, "नमस्कार कर," आणि त्याने चक्क केला.

"छान आहे हो मुलगा," अधिकारी पलीकडून म्हणाले. "त्रास वगैरे देतो का?"

"नाही, तसा शांत आहे," मी म्हणाले. ते वाक्य माझ्या तोंडून विचार न करताच निघालं. परक्या माणसापुढे पोराची तक्रार करायला माझी जीभच वळत नव्हती. नवऱ्याने वर सांगितलं, "आम्ही सगळं व्यवस्थित मॅनेज करतो, सर." लॅपटॉप बंद केल्यावर आम्ही एकमेकांकडे बघून हसलोसुद्धा. परीक्षा चांगली गेल्यासारखं वाटलं.

अहवाल आला. मुलगा शांत व स्वच्छ. घर नीटनेटके. पालक सक्षम आहेत. तातडी दिसत नाही, प्रतीक्षेत ठेवावे.

नणंदेने तो कागद एका वकीलबाईंना मुंबईत दाखवला. अशा मुलांच्या जागा अडवून ठेवणाऱ्या कचेऱ्यांना त्या उच्च न्यायालयात खेचायच्या. आमच्याशी त्या पहिल्यांदा बोलल्या तेव्हा त्यांनी अहवाल मोठ्याने वाचून दाखवला. मग म्हणाल्या, "बाई, तुम्ही यांना मुलगा दाखवायचा सोडून मुलाची जाहिरात दाखवलीत." मला राग आला. त्याहून जास्त धडकी भरली, कारण त्या बरोबर बोलत होत्या. तरीही त्यांनी रिट याचिका दाखल केली. कचेरीने निर्णय द्यायला केलेला उशीर बेकायदेशीर आहे आणि मुलाला परवाना संपायच्या आत जागा द्यावी, असं त्यात मागितलं होतं. नणंद आमची मुखत्यार झाली. सरकारने उत्तरादाखल तोच अहवाल जोडला. पालक सक्षम आहेत.

त्यानंतरची ती दुपार. सौदीत तेव्हा बेकायदा राहणाऱ्या कामगारांची धरपकड चालू होती. चौकाचौकांत गाड्या उभ्या, पोलिस इकामा विचारायचे, नसेल त्याला बसमध्ये घालायचे. ज्यांचे कागद चोख होते तीही माणसं भाजी आणायला जाताना खिसा चाचपून बघायची. त्या दुपारी पाण्याचे मोठे कॅन देणारा माणूस आला. मी रिकामे कॅन आणायला स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा तो माणूस गेलेला होता, दार सताड उघडं होतं आणि मुलगा घरात नव्हता.

मी गाऊनवरच बुरख्यासारखा काळा अबाया चढवला, बटणं वाकडीतिकडी लागली, आणि जिने उतरून खाली धावले. रस्त्यावर कोणी नव्हतं. नवऱ्याला फोन केला, लागला नाही, कारण प्लांटच्या आत मोबाईल नेऊ देत नाहीत, तो गेटवरच्या कपाटात वाजत राहतो. गाडी मला चालवता येत नव्हती आणि येत असती तरी बाईला तिथे परवानगी नव्हती. आमच्या इमारतीखाली रत्नागिरीकडच्या एका मुसलमान गृहस्थाचं किराणा दुकान होतं. तेच आमचं माहेर नि तेच पोलिस ठाणं. तिथे धावले तर नमाजाची वेळ, शटर खाली. ते शटर वर जाईपर्यंत मी उन्हात त्याच्यासमोर उभी होते. त्या वेळात मी मनाने काय काय पाहिलं ते अजून सांगवत नाही. हायवेवरचे ट्रक पाहिले, समुद्रालगतची भिंत पाहिली. आणि सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटली, तर कोणी त्याला नाव विचारेल याची. कारण कोणी दरडावून विचारलं की तो हसतो.

शटर वर गेलं. माझं तोंड बघूनच दुकानवाले म्हणाले, "काय झाला वहिनी?"

"भाई, पोरगा गेला. दार उघडं राहिलं."

"रडू नका तुमी. इकामा हाय त्याचा जवळ?"

"यांच्या पाकिटात."

त्यांनी कपाळावर हात मारला. मग वरच्या मजल्यावर जाऊन बायकोला घेऊन आले, कारण मला एकटीला गाडीत घेऊन फिरणं म्हणजे आम्हा दोघांनाही पोलिसांच्या तावडीत देणं. ती बिचारी हाताला पीठ तसंच घेऊन माझ्याशेजारी मागच्या सीटवर बसली. दुकानवाल्यांच्या स्वतःच्या कफीलची, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचा परवाना होता त्या सौदी मालकाची, मर्जी तेव्हा फिरली होती, दुकान सौदी माणसाच्या हाती द्यावं लागेल अशी बोलणी चालली होती. पोलिसांच्या नजरेला पडायची त्यांचीही वेळ नव्हती. तरी ते निघाले.

कामगारांच्या वसाहतीकडे वळणाऱ्या रस्त्यावर पोलिसांची बस उभी होती. फुटपाथवर माणसं ओळीने उकिडवी बसवलेली. माझा मुलगा त्यांच्यात नव्हता. तो आधीच बसमध्ये होता. जाळी लावलेल्या खिडकीला त्याचं नाक चिकटलं होतं आणि डोक्यावर कुणीतरी उन्हासाठी ठेवलेली बांधकामाची पिवळी टोपी होती. मला बघून तो ओरडला. मग डोकं खिडकीवर आपटायला लागला. मी त्या पोलिसाच्या पुढ्यात जाऊन मराठीत, हिंदीत, जमेल त्या अरबीत ओरडत होते आणि दुकानवाले मला मागे ओढून शांतपणे समजावत होते, हा आजारी आहे, बापाचा इकामा आहे, बाप कंपनीत आहे. पोलिस पोरगेलासा होता. तो म्हणत राहिला, कागद आणा, कागदाशिवाय नाही.

तेवढ्यात मुलाला आकडी आली. बसमधली माणसं ओरडायला लागली. सीटच्या मधल्या चिंचोळ्या जागेत त्याचं शरीर आपटत होतं आणि मला आत जाऊ देत नव्हते. कोण जाणे कोणता कामगार होता, बांगलादेशी असावा, त्याने स्वतःची चप्पल काढून मुलाच्या डोक्याखाली सरकवली आणि त्याला कुशीवर धरून ठेवलं. मग दुसरा, वयाने मोठा पोलिस आला. त्याने एकदा आत बघितलं, दार उघडायला लावलं आणि मुलाला आमच्या ताब्यात दिलं. त्या पोरगेल्या पोलिसाचा चेहरा मुलापेक्षा पांढरा पडला होता. मला त्याच्यावर रागावतासुद्धा आलं नाही.

नवऱ्याला संध्याकाळी ठाण्यात जाऊन लिहून द्यावं लागलं की मुलगा पुन्हा कागदाशिवाय रस्त्यावर दिसणार नाही. दिसला तर पुढे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. घरी येऊन त्याने मला एकच सांगितलं, "हे कुणाला कळता कामा नये." मीही मान हलवली. त्या शुक्रवारी नणंदेचा फोन आला तेव्हा आम्ही तिला सांगितलं, सगळं छान.

पुढच्या तारखेच्या आधी वकीलबाईंनी विचारलं होतं, गेल्या वर्षात मुलाच्या किंवा तुमच्या जिवाला धोका झाल्याचा काही प्रसंग घडला आहे का, असेल तर प्रतिज्ञापत्रावर हवा. न्यायमूर्ती तातडी कुठे आहे तेच विचारताहेत. उत्तर नवऱ्याने परस्पर दिलं होतं. मला ते दोन दिवसांनी, तो जेवताना कळलं.

"काय कळवलंत त्यांना?"

"तसं काही घडलं नाही म्हणून."

मी ताटात वाढता वाढता थांबले. "अहो, तो बसमध्ये मेला असता."

"हळू बोल. अगं, कोर्टाच्या कागदावर पोलिस आले की ते कायमचे आले. तो कागद रियाधला आपल्या दूतावासात साक्षांकित करायला न्यावा लागतो. तिथे रांगेत आपल्याच कंपनीची चार माणसं असतात. सध्या कुणाला काढायचं याला निमित्तच शोधताहेत. माझी नोकरी गेली तर तुझं कोर्ट आपल्याला जेवायला घालणार आहे का?"

"आणि जागा मिळाली नाही तर?"

तो भात कालवत राहिला.

"परवाना संपेल," मी म्हटलं. "मग मी त्याला घेऊन एकटी जाईन. एक दिवस तो मला परत ढकलेल, आणि मी पडलेली असताना त्याला आकडी येईल. कोणालाही कळणार नाही. कारण आपण शुक्रवारी सांगितलेलं असेल, सगळं छान."

मी असं आधी कधी बोलले नव्हते. बोलताना मलाच भीती वाटली, कारण हे सगळं माझ्या आत किती दिवस तयार होतं ते तेव्हा मला कळलं. नवरा हात न धुता उठून गॅलरीत गेला. बऱ्याच वेळाने आत आला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला, "लिही. मी गाडी काढतो रियाधला."

मी लिहिलं. मनगट लिहिलं, जिना लिहिला, बस लिहिली, कॅलेंडरमागचा भिंतीतला खळगा लिहिला. औषध आधी देऊन त्याला गुंगवलं होतं तेही लिहिलं. लिहिताना अंगावरचा एकेक कपडा काढून ठेवल्यासारखं वाटत होतं. शेवटी वकीलबाईंच्या सांगण्यावरून एक वाक्य घातलं, मी या मुलाला यापुढे सांभाळू शकत नाही. ते मी तीनदा खोडलं. त्या म्हणाल्या, याच वाक्यावर सगळं अवलंबून आहे.

रियाधचा रस्ता वाळवंटातून सरळ जातो, आणि त्यावरही तपासणी नाके होते. प्रत्येक नाक्यावर माझा हात मागच्या सीटवर मुलाच्या गुडघ्यावर आणि नवऱ्याचा हात खिशातल्या पाकिटावर. रियाधच्या अल मलाझ भागात थांबून मुलाला भात भरवला आणि मग दूतावासात गेलो. रांगेत कंपनीतला एक केरळी गृहस्थ खरोखरच भेटला. "काय काम काढलंत?" त्याने हिंदीत विचारलं. नवऱ्याने हातातला कागद आधी पालथा केला. मग तो म्हणाला, "मुलासाठी कोर्टात जातोय. आमच्याच्याने होत नाही आता." केरळी गृहस्थाने नुसती मान हलवली आणि त्याचा नंबर आधी होता तो आम्हाला दिला.

सुनावणीला नणंद गेली. प्रतिज्ञापत्र तिने कोर्टाच्या बाहेरच पहिल्यांदा वाचलं. संध्याकाळी फोनवर कोर्टाचं सांगायच्या आधी तिने मनगटाचं विचारलं. मग म्हणाली, "अगं, पाच मिनिटांवर राहते मी. मला तरी सांगायचं." मग तिने कोर्टातलं सांगितलं. सरकारी वकिलांनी अहवाल वाचला, पालक सक्षम आहेत. न्यायमूर्तींनी आमचा कागद पुढे ओढला आणि विचारलं, मग या बाईंचं मनगट कसं मोडलं? शिवाय प्रतीक्षेत ठेवलं म्हणजे नेमकी कशाची प्रतीक्षा, काही विपरीत घडण्याची का? कचेरीचे साहेब हजर होते. मुलाचा नंबर कितवा आहे ते त्यांना सांगता आलं नाही, कारण तशी क्रमवारी कोणी लावलेलीच नव्हती. एका महिन्याच्या आत जागा द्या आणि दिल्याचं इथे येऊन सांगा, असा आदेश झाला.

"जिंकलो गं," नणंद म्हणाली आणि आदेशातली ओळ वाचून दाखवायला लागली. मुलाची आई त्याला सांभाळण्यास असमर्थ आहे हे स्पष्ट दिसते. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते. मुलगा खाली फरशीवर बसून डब्यांची झाकणं वाजवत होता. इतके महिने मी याच एका वाक्यासाठी जिवाचं रान केलं होतं, आणि ते ऐकल्यावर मी खाली त्याच्याशेजारी फरशीवर बसले. नको म्हणायची वाट मी स्वतःच बंद करून घेतली होती. नवऱ्याने पेढ्यांऐवजी केक आणला. मुलाने टाळ्या वाजवल्या.

दम्माम विमानतळावर मुलाच्या पासपोर्टवर कायमच्या निर्गमनाचा शिक्का होता आणि माझ्या पासपोर्टवर परत येण्याचा. काचेमागच्या अधिकाऱ्याने दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली, मुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हा परत येणार नाही?" त्याने विचारलं. मी नाही म्हटलं. "आणि तू?" मी म्हटलं, "मी येणार." त्याने शिक्के मारले. तो काय समजला असेल ते मला आजही जाणून घ्यायचं नाही.

गृह तालुक्याच्या गावाबाहेर होतं. स्वच्छ होतं, अंगणात कडुनिंब होता, मुलं ओळीने जेवायला बसली होती. एक मध्यमवयीन काळजीवाहक मुलासाठी नेमला होता, बोलायला साधा. मी त्याला सगळं सांगितलं. आकडी येण्याआधी डोळे डावीकडे जातात, केळं कुस्करून द्यावं लागतं, कोणी दरडावलं तर हसतो. काहीही सजवून सांगितलं नाही. तो ऐकत होता आणि मधेच विचारत होता. नणंद बाहेर रिक्षा थांबवून उभी होती.

मी निघाले तसा मुलगा उठून मागे आला. मी कुठेही निघाले की तो यायचाच. काळजीवाहकाने त्याला दंडाला धरून मागे नेलं, जाळीचं दार ओढून घेतलं आणि मधली कडी लावली. मी चार पावलं गेले आणि परत फिरले.

"ताई, आता थांबू नका," काळजीवाहक म्हणाला. "तुम्ही दिसत राहिलात की त्याला जास्त त्रास होईल."

"ती कडी त्याला उघडता येते," मी म्हटलं. "वरची लावा."

"वरची आम्ही रात्री लावतो."

"आत्ता लावा."

त्याने टाचा उंचावून वरची कडी सरकवली. मुलाने जाळीतून माझ्याकडे बघितलं, मग मान वर करून कडीकडे बघितलं, आणि हात वर केला. पोचला नाही.